वरवरचा गंज

जुनी गाडी पाहायला शक्यतो रात्री जावं. पाऊस पडत असेल तर सोन्याहून पिवळं. रस्त्यावरच्या दिव्याखाली ओला पत्रा असा काही चमकतो, की 1993 सालची प्रीमियर पद्मिनी कालच कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी दिसते. मालक छत्री घेऊन खाली येतो. ती तो तुमच्यावर धरत नाही, स्वतःवरही धरत नाही, बॉनेटवर धरतो. इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल गेली की इंजिन चालू होत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तुम्ही मात्र भारावून जावं. माणूस गाडीला किती जपतो!

दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेले दिसतील. त्याबद्दल एकदा विचारावं, म्हणजे आपल्यालाही गाडीतलं कळतं असं आपल्याला वाटतं. "काही नाही हो, वरवरचा गंज आहे," मालक म्हणेल. मान डोलवून पुढे जावं.

घरून लोहचुंबक अजिबात नेऊ नये. फ्रिजवर चिकटवतात तसलं साधं चुंबकसुद्धा घात करतं. जिथे पत्रा असतो तिथे ते चिकटतं आणि जिथे नुसती पुट्टी असते तिथून खाली पडतं. मी नेलं नव्हतं. गाडी घरी आल्यावर फ्रिजवरचा रत्नागिरीचा आंबा घेऊन खाली गेलो, तर उजव्या बाजूला तो दोनच ठिकाणी टिकला. त्यातलं एक दाराची मूठ होती.

गाडी 26 जुलै 2005 ला कुठे उभी होती, हेही विचारू नये. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तुमच्या गाडीपुरती नोंद सीटखालच्या फ्रेमवर असते, मातकट रंगाची, पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. पण दुसऱ्याच्या गाडीतली सीट उचलून पाहणं आपल्या संस्कारांत बसत नाही.

मालकाने साठ हजार सांगितले, बेचाळीसला दिली. म्हणजे अठरा हजार वाचले. हा आकडा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे प्रत्येक खर्चाच्या वेळी बायकोला हेच अठरा हजार दाखवायचे असतात. आमच्याकडे त्यांतून बॅटरी आली, चार टायर आले, रेडिएटर आला. अजूनही ते संपलेले नाहीत.

आता पद्मिनीच का, असं लोक विचारतात. त्यांना बालपण सांगावं. आमच्या घरी गाडी कधीच नव्हती. गाडी म्हणजे दादर स्टेशनबाहेरची काळी-पिवळी, तीसुद्धा सामान किंवा आजारी माणूस बरोबर असेल तरच. पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हरशेजारी बाबा, त्यांच्या मांडीवर मी, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकताना ड्रायव्हरचा हात दर वेळी माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. पुढे टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपत आली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेलीच. त्या आठवड्यात सगळ्यांचे गळे दाटून आले. गेली कित्येक वर्षं याच टॅक्सीला हात न दाखवता मोबाईलवरून एसी गाडी बोलावणाऱ्यांचेही. त्यांत मी होतो. दाटलेल्या गळ्याने माणसाने फार तर पाणी प्यावं. मी जाहिराती पाहिल्या.

गाडी घेतल्यावर काम कुठे करायचं, याचा विचार आधी करू नये. मोबाईलवर जे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत, त्यांतल्या गोऱ्या गृहस्थाकडे दोन गाड्यांचं गॅरेज असतं, गाडी उचलायची लिफ्ट असते, भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले पाने असतात आणि बिअर असते. तुमच्याकडे विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दोन स्कूटर आणि एक नारळ यांच्यामधली जागा असते. वरून नारळ, समोरून सेक्रेटरी काका. पूर्वेला खाडी आणि मिठागरं. गंजाला लागणारी ओल आणि खारी हवा दोन्ही इथे घरपोच मिळतात. चाळीस मिनिटांच्या त्या व्हिडिओत गाडी पूर्ण होते. आपल्याकडे चाळीस मिनिटांत चाकाचा एक नट ढिला होतो.

नटांचं सांगतो. गंजलेला बोल्ट रात्री डिझेलमध्ये भिजत घालावा, आपण मटकी घालतो तसा. सकाळी मटकीला मोड येतात. बोल्ट होता तिथेच असतो. मग 17 चा पाना लावून, पान्याला पाइप अडकवून, देवाचं नाव घेऊन जोर लावावा. बोल्ट मानेतून तुटतो आणि अर्धा आत राहतो. आता तुमच्याकडे एका कामाची दोन कामं झाली. हाच छंद.

यानंतर एका रविवारी सकाळी, सोसायटीचे झाडून सगळे लोक गॅलरीत चहा पीत असताना, गाडी जॅकवर घ्यावी. मी जॅक डाव्या दाराखाली, जिथे लावायचा म्हणतात तिथेच लावला आणि दांडा फिरवायला लागलो. जॅक वर जात होता. गाडी जात नव्हती. काहीतरी चुरचुरल्यासारखा आवाज आला, बिस्किटाचा पुडा हातात दाबल्यावर येतो तसा. चार फेऱ्यांनंतर जॅकचं डोकं दाराच्या उंबरठ्यातून आत आलेलं दिसलं. गाडी चारही चाकांवर शांत उभी होती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "झालं का?"

त्या भोकात हात घातला तर कागद लागला. ओढला, तर येतच राहिला. आधीच्या कुणीतरी सडलेल्या उंबरठ्यात अख्खं वर्तमानपत्र कोंबून वरून पुट्टी मारली होती आणि रंग दिला होता. पान उलगडून पाहिलं तर 1996 च्या विश्वचषकाच्या बातम्या. म्हणजे गाडी जेमतेम तीन वर्षांची असतानाच, किंवा नंतर कधीतरी रद्दीतला जुना पेपर घेऊन, हे काम झालेलं. आम्ही चौघांनी बॉनेटवर पसरून तो वाचून काढला. सगळे निकाल माहीत असूनही दोघांत वाद झाला. जीर्णोद्धाराच्या कामातली ही माझी सर्वांत फलदायी सकाळ.

इथे थोडं शास्त्र सांगावंच लागेल. या गाडीला वेगळी चौकट नसते. तळाचा पत्रा, उंबरठे, खांब, छप्पर, सगळं मिळून एक पेटी, आणि त्या पेटीवरच सारा भार. उंबरठा गेला की गाडी मधून वाकते आणि दारं लागेनाशी होतात. शिवाय लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून रंग फुगतो, फोड येतो. तो फोड म्हणजे गंजाची सुरुवात नसते. आतून सुरू झालेला गंज तिथे बाहेर पोहोचलेला असतो. आमच्या बिल्डिंगच्या खांबांतल्या सळ्याही याच कारणाने फुगून प्लास्टर पाडतात. गेल्या वर्षी जिन्यातला एक तुकडा पडला, तेव्हा सेक्रेटरी काकांनी तिथे सिमेंट लावून घेतलं आणि नोटीस काढली, की रहिवाशांनी घाबरू नये, वरवरचं आहे. गाडीवरून ते मला अधूनमधून ऐकवतात. मी वर जिन्याकडे बघतो.

तर उंबरठा गेल्यावर पत्र्याचं काम करणारा उस्ताद गाठावा. माझे कुर्ल्याला सापडले. उस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, अंगठ्याने दोन-चार ठिकाणी दाबलं, एका ठिकाणी अंगठा आत गेला, तो त्यांनी शर्टाला पुसला आणि म्हणाले, "साब, ये गाडी रंग पे खडी है." गेल्या दोन वर्षांत या गाडीबद्दल मी ऐकलेलं हे एकमेव खरं वाक्य. मी ते कौतुक समजलो.

उस्तादांना तारीख विचारू नये. आपण गणपतीला गाडीने कोकणात जाणार आहोत, हे तर मुळीच सांगू नये. गणपतीला आपण "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतो आणि तो येतो. उस्ताद "पुढच्या सोमवारी नक्की" म्हणतात. आम्ही त्या वर्षी एसटीने गेलो.

मधल्या काळात सुटे भाग शोधावेत. त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, ऑपेरा हाउसजवळची दुकानं आहेत, चोर बाजार आहे. टेललाइटची काच मागितली की दुकानदार आत जातो आणि वीस मिनिटांनी उजवी घेऊन येतो. तुम्हाला डावी हवी असते. घेऊन ठेवावी. माझ्याकडे आता तीन उजव्या काचा आहेत आणि डावीकडे लाल कागद.

खर्चाचा हिशेब ठेवू नये, हे सांगायला नकोच. हौसेला मोल नसतं, क्लच प्लेटला असतं. अडचण एवढीच, की आपण नाही ठेवला तरी मोबाईल ठेवतो. बायकोने एकदा माझी पैसे पाठवलेल्यांची यादी उघडली, तर उस्ताद दूधवाल्याच्या वर होते. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला" एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, अठरा हजार वाचलेत त्यातले.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो, कारण तिथे विनोदाला फारसा वाव नाही. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी नंबर प्लेट. आरसी बुकावरचे मालक वारलेले असतील, तर 31 नंबरचा फॉर्म आणि वारसांच्या सह्या. माझ्या गाडीचे वारस तिघे निघाले आणि त्यांचं आपापसांत बोलणं नव्हतं. चेसिस नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची असते, म्हणजे आकडे उमटतात. मी घासली. तीन आकडे उमटले आणि पुढे नुसते डाग, पावसाळी ढगांचं चित्र काढल्यासारखे. धीर सोडू नये. गाडी पन्नास वर्षांची झाली की विंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, 2021 पासून तसा नियमच आहे. माझी 2043 मध्ये बसते. अट एवढीच, की मूळ गाडीत फार फेरफार केलेला नसावा. माझ्या गाडीत मूळ काय उरलंय, हा प्रश्न तेव्हाचा तेव्हा.

मग एक दिवस गाडी चालू होते. खरंच होते. चोक ओढला, चावी फिरवली, 1089 सीसीचं इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. सगळी गाडी थरथरायला लागली आणि मी पण. खोटं का बोलू, त्या वेळी मला मांडीवर बसलेला मी आठवलो. बायकोला पुढे बसवून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर काढली. मे महिना, दुपारचे बारा. कांजूरमार्गच्या पुढे गाडीने एक हिसका दिला आणि सगळं शांत झालं. मागून हॉर्नचा पाऊस. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ रिक्षा बाजूला घेऊन उतरले. पूर्वी टॅक्सी चालवायचे म्हणाले. बॉनेट उघडून त्यांनी पेट्रोलच्या पंपाला हात लावला, चटका बसला तसा काढला. "पंप तापलाय. पेट्रोलची आतच वाफ होते. फडका आहे का?" फडका नव्हता. बायकोची ओढणी होती. ती पिण्याच्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळली, दहा मिनिटं थांबलो, गाडी चालू झाली. ओढणी लग्नातली होती हे मला घरी पोहोचल्यावर कळलं. तेव्हापासून ती गाडीतच असते. गाडीत बसायला बायको नसते.

आमच्या इथे दर रविवारी एक भंगारवाला येतो. गाडी आली त्या आठवड्यात त्याने तिला डोळ्यांनीच तोललं आणि बावीस हजार सांगितले. मी हसलो होतो. परवा, दोन उंबरठे, अर्धा तळ, एक मडगार्ड आणि दोन हात रंग झाल्यानंतर, त्याला मुद्दाम बोलावून दाखवली. विकायची नव्हतीच, नुसतं मत हवं होतं. त्याने बोटाच्या पेराने दाराखाली टकटक केलं, कान लावून ऐकलं, जरा मागे सरकून पुन्हा केलं.

"साब, इसमें मिट्टी बहुत भर दी. उतना वजन काटना पडेगा. उन्नीस."

मी गप्प बसलो. त्याला माझी दया आली असावी. जाता जाता म्हणाला, भांडुपला अशीच एक पडून आहे, ताडपत्रीखाली, पार्टसाठी घेऊन ठेवा, डावी लाइटपण शाबूत आहे.

काल संध्याकाळी जाऊन पाहून आलो. पांढरी आहे. जरा अंधार पडला होता, पण तब्येत चांगली वाटली. दाराच्या खाली थोडे फोड आहेत, वरवरचेच.