खरखरीसकट द्या, पण ती टेप ऐकू द्या

६ जुलै १९५७. लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या सेंट पीटर्स चर्चची जत्रा. सोळा वर्षांचा जॉन लेनन आपल्या 'क्वारीमेन' या पोराटोरांच्या बँडबरोबर तिथे गायला. दुपारी मैदानात ऐकणाऱ्यांमध्ये पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी होता. शब्द पाठ नव्हते म्हणून जॉन मनाचेच शब्द घालून गाणं रेटत होता, हे पॉलनं पुढे कितीदा तरी सांगितलंय. दोघांची ओळख झाली ती त्याच दिवशी.

त्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बॉब मॉलिन्यू नावाच्या मुलानं आपल्या ग्रुंडिग टेपरेकॉर्डरवर क्वारीमेनची दोन गाणी टेप केली. ती टेप टिकली! १९९४ साली सदबीजच्या लिलावात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं ती ७८,५०० पौंडांना घेतली. तेव्हापासून ती कपाटात आहे. आपल्याला ऐकायला मिळालाय तो एक छोटासा तुकडा.

याच पोरांचे पुढे बीटल्स झाले. मी त्यांना शाळेत असल्यापासून ऐकते. त्यांचे सगळे अल्बम माझ्याकडे आहेत. पण हल्ली मन सारखं या टेपकडे जातं, आणि १९६० साली पॉलच्या घरी फॉर्थलिन रोडवर ते जे वाजवत बसले होते त्याच्याकडे. तेव्हा बास गिटारवर स्टुअर्ट सटक्लिफ होता, ड्रमर नव्हताच. त्यातले जेमतेम तीन तुकडे १९९५ च्या 'अँथॉलॉजी' या त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंग्जच्या संग्रहात अधिकृतपणे आले. बाकीचं चोरट्या कॉप्यांमधून फिरतंय.

आवाज चांगला नाही म्हणून देत नाही, असं कारण सांगतात. हे मला अजिबात पटत नाही.

बाबांकडे कुमार गंधर्वांच्या एका खाजगी मैफलीची कॅसेट होती. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. तंबोऱ्यापेक्षा खरखर मोठी. मध्येच माईकजवळ बसलेले कुणीतरी खोकतात. बाबांना तो खोकला इतका पाठ होता की त्याच्या आधी एक क्षण ते बोट वर करायचे, आणि खोकला होऊन गेला की लगेच येणाऱ्या तानेला डोळे मिटायचे. त्यांच्या कपाटात त्याच रागाची स्वच्छ, कंपनीची कॅसेटही होती. ती क्वचितच लागायची. असा कान असलेली माणसं घरोघरी आहेत. आम्हाला खरखरीची भीती घालू नका.

आणि आता तर तेही कारण उरलेलं नाही. जॉननं घरी कॅसेटवर गायलेलं 'नाऊ अँड देन' तो गेल्यानंतर, १९९५ च्या सुमारास, बाकीच्या तिघा बीटल्सनी हाती घेतलं आणि सोडून दिलं, कारण पियानो आणि घरघरीतून त्याचा आवाज नीट सुटा होईना. २०२३ साली संगणकानं तो सुटा करून दिला आणि गाणं जगभर वाजलं. मग जत्रेतल्या जॉननंच काय घोडं मारलंय? आणि नाही झाला साफ, तरी तसाच द्या.

मनात आणलं की देता येतं, हेही दिसलंय. युरोपात कायदा बदलला. ५० वर्षांत प्रसिद्ध न केलेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क जाण्याची वेळ आली, तेव्हा २०१३ च्या डिसेंबरात बीटल्सची १९६३ ची तब्बल ५९ रेकॉर्डिंग्ज एका फटक्यात बाहेर आली.

१९५८ च्या तबकडीची गोष्ट तर मला फारच जवळची वाटते. क्वारीमेनच्या पोरांनी पैसे जमवून पर्सी फिलिप्स यांच्या घरातल्या स्टुडिओत दोन गाणी केली. तबकडी एकच, म्हणून प्रत्येकानं आठवडा-आठवडा घरी न्यायची असं ठरलं. पियानो वाजवणाऱ्या जॉन लो याच्याकडे ती आली आणि वीसहून जास्त वर्षं तिथेच राहिली. १९८१ साली पॉलनं ती विकत घेतली. त्यातलं एक गाणं पॉल आणि बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या नावावर आहे. दोघांचंच नाव असलेलं हे एकमेव गाणं. 'अँथॉलॉजी'त घेताना तेच अर्ध्या मिनिटाहून जास्त कापलं! लहान मुलाचा फोटो कडेनं कातरावा तसं मला ते लागलं.

लेननच्या घरच्यांची परवानगी हवी, हे मान्य. ती आधी घ्या. पण पॉलनं ऐंशी कधीच ओलांडली आहे. जत्रेच्या मैदानात उभा राहून त्यानं जे ऐकलं, तसलं काहीतरी त्या टेपवर आहे. तो आहे तोवर, त्यानंच दोन शब्द बोलून ती लावावी.