पुन्हा तोच पेनड्राइव्ह!

सोमवारी लॅब उघडली आणि सतरा नंबरच्या मशीनवर परत तेच. डेस्कटॉपवर गाड्यांचा गेम, ब्राउझरला कसलातरी भलताच सर्च बार, आणि आठवीच्या पोरांचे चेहरे असे, जणू आत्ताच पर्वतीवरून दर्शन घेऊन उतरलेत.

"सर, आम्ही काहीच इन्स्टॉल नाही केलं."

खरंय रे बाबा, तेच तर दुखणं आहे! मुलांची खाती साधी आहेत, इन्स्टॉल करायचा हक्क असलेली अ‍ॅडमिनची नाहीत. पण पोर्टेबल प्रोग्रामला इन्स्टॉल व्हायचंच नसतं. पेनड्राइव्ह खुपसा, डबल क्लिक करा, झालं. क्रोमसुद्धा अ‍ॅडमिनला न विचारता मुलाच्याच खात्यातल्या अ‍ॅपडेटा फोल्डरात बिऱ्हाड थाटतं.

उपाय आहे हो. विंडोजमधलंच कुलूप, अ‍ॅपलॉकर लावायचं, म्हणजे प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज या फोल्डरांबाहेरचं काही चालतच नाही. मागच्या वर्षी लावलंही होतं. दोन दिवसांत ऑफिसातून निरोप: "मॅडमचं मराठी टायपिंग उघडत नाहीये, ते तुमचं कुलूप काढा." ते टायपिंगही अर्थातच पेनड्राइव्हवरून चालायचं! तेवढ्यापुरता अपवाद टाकायला पाच मिनिटं लागली असती, पण तेवढा धीर कुणाला? सगळंच काढायला लावलं. वर एका सरांनी सोयीसाठी म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून चिकटवला. मॉनिटरला!

आता दर शनिवारी दुपारी अख्खी पेठ वामकुक्षी घेत असते आणि मी एकटा बत्तीस मशीन साफ करत बसतो. सतरा नंबर सगळ्यात शेवटी.