१०० शेळ्यांना मे महिन्यात काय घालणार?

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "१० शेळ्यांनी सुरुवात करा, शेड नंतर बांधा" असं मी शेळीपालनावरच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, असल्या सल्ल्यानं पोरं बिचकतात. सरकार १०० शेळ्या आणि ५ बोकडांना अनुदान देतंय, मग १० शेळ्यांवर घर कसं चालायचं?

१० शेळ्यांवर घर चालत नाही, हे तुमचं बरोबर आहे आणि मी ते लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. पहिली दोन वर्षं शेती किंवा हातातलं काम सोडायचं नाही.

अनुदानाचंही खरं. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० अधिक ५ च्या गटाला खर्चाच्या निम्मं, जास्तीत जास्त १० लाख मिळतं. उरलेलं निम्मं मात्र आपलं, बहुतेकांचं कर्जाचं. आता चाऱ्याचं बघा. मोठ्या शेळीला दिवसाला चार किलो हिरवा चारा धरला तर १०० शेळ्यांना रोज चार क्विंटल लागतो. श्रावणात तो बांधावरही निघेल. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेल्यावर कुठून आणायचा? विकतच्या वैरणीवर शेळी पोसली की नफा गव्हाणीतच संपतो. म्हणून आधी बांधाला शेवरी, सुबाभूळ लावा, पाण्याजवळ दशरथ घास करा, तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट भरून ठेवा. शेळ्या त्यानंतर. शेड सगळ्यात शेवटी. पावसापासून आडोसा आणि कोरडी जमीन मिळाली की शेळीचं भागतं.

दुसरी गोष्ट मरतुकीची, आणि माझा खरा जीव इथे अडकलाय. जूनचा पहिला पाऊस झाला होता, बांधावर लुसलुशीत गवत आलं होतं. गोठ्यातलं सगळ्यात गुटगुटीत करडू संध्याकाळी पोटभर खाऊन उड्या मारत होतं. पहाटे गव्हाणीखाली पाय ताठ, मान मागे टाकलेली. आंत्रविषार, म्हणजे कोवळं गवत जास्त खाल्लं की आतड्यात विष होऊन जनावर दगावतं तो रोग. त्याची लस पावसाळ्याआधी टोचायची, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस द्यायचा, हे मला ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात बघू म्हणत राहिलो, आणि त्या पंधरवड्यात आणखी तीन गेली.

आपली उस्मानाबादी शेळी काटक आहे, जुळी देते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. वेताला सरासरी दीड करडू धरलं तर १० शेळ्यांची दोन वर्षांत ४५ होतात. १० टक्के मर झाली तर ४० हाताशी राहतात, ३० टक्के झाली तर ३१. तुमच्या बाजारातला भाव लावून त्या नऊ करडांचे पैसे मोजा. १०० शेळ्यांवर हाच फरक ९० करडांचा होतो, आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. व्यालेल्या शेळीचा चीक तासाभरात करडाच्या पोटात गेला का, बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधली का, पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस झाली का, ही सवय १० शेळ्यांवरच लागते.

तुमचा आकडा २५ असू शकतो, ४० ही असेल. मी १० वर अडून बसणार नाही. येत्या मे महिन्यात तुमची विहीर दिवसाला किती तास चालते ते कळवा, किती गुंठे भिजतात तेही. त्यावरून तुमच्या शेळ्यांचा आकडा आपण दोघं मिळून काढू.