जुन्या गाडीत रॉकेल ओतायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

“लाखाच्या वर पळालेल्या गाडीला २०डब्ल्यू-५० च घाला, सिंथेटिकनं सील गळतात, ऑइल बदलायच्या आधी अर्धा लिटर रॉकेल ओतून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, ऑइल काळं झालं म्हणजे संपलं.” हे ग्रुपवर फिरत होतं तोवर गप्प होतो, पण आता आमचे दाजीच रॉकेल कुठं मिळंल म्हणून विचारायलेत.

तर आधी रॉकेलच. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, बेअरिंगला टेकून फिरत नाही, मधल्या ऑइलच्या थरावर फिरतो. चार लिटरात अर्धा लिटर रॉकेल गेलं की तो थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो, तेबी आपण बॉनेट उघडून कौतुकानं बघत उभे असताना. कचरा सुटतो हे खरंय, पण जातो कुठं? वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ एकदम सुटला की चेंबरमधल्या (इंजिनाखाली ऑइल साठतं तिथल्या) पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, ऑइल वर चढायचं बंद, मग इंजिन खोला. गाळाची एवढीच काळजी असंल तर चांगलं ऑइल घाला आणि पुढचे दोन बदल लवकर करा की, त्यातलं डिटर्जंट हळूहळू काढतंय.

आता घट्ट ऑइल. २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापल्यावरचा. एसएई जे३०० हे या ग्रेडचं स्टँडर्ड, त्यात १०० अंशांना ‘३०’ चं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं माप) आणि ‘५०’ चं १६.३ ते २१.९. म्हणजे इंजिन तापल्यावरबी पावणेदोन पट घट्ट. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असंल, वर टर्बो असंल, तर त्यात हे कशाला? ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. २०डब्ल्यूची थंडीतली टेस्ट उणे १५ ला असते, कोल्हापुरात उणे कुठलं, त्यामुळं तो डब्ल्यूच्या आधीचा आकडा इथं फारसा नडत नाही, कबूल. आणि गाडी ऑइल पीत असंल तर ३० वरनं ४० वर जाणं, मॅन्युअलच्या तक्त्यात बसत असंल तर, चालतंय. पण निळा धूर यायला लागला तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा, घट्ट ऑइलनं पिस्टनच्या रिंगा नव्या होत नाहीत.

सिंथेटिक ऑइल: सुरुवातीच्या काळात रबरी सीलचा त्रास व्हायचा, तेवढं खरं. आता नाही. घातल्यावर गळायला लागलं तर सील आधीच वाळलेलं होतं, गाळानं बूच मारलं होतं एवढंच.

काळं ऑइल? डिझेल गाडीत ते लगेच काळं होतंच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र स्टार्टर मारू नका, बहुतेक कूलंट शिरलाय, टो करून थेट उद्यमनगरच्या गॅरेजला न्या.