नकाशा उघडा ठेवा, यादी कुलपात

मदतकार्यासाठी लागणारे नकाशे सगळ्यांना खुले असावेत, असं मी म्हणते; त्यावरून परवा फोनवर दादाशी पुन्हा जुंपली. "सगळी माहिती उघड्यावर टाकायची म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या," हे त्याचं म्हणणं. २०२१ साली आपल्या सरकारने नकाशांवरचे निर्बंध सैल केले, तेव्हापासून तो हेच बोलतो. त्याची भीती खोटी नाही. पण तो नकाशा आणि मदत घेणाऱ्या माणसांची नावनिशीवार यादी यांची गल्लत करतो. मदतकार्यात ही गल्लत जीवावर बेतते.

मी नेदरलँड्समधल्या हेगमध्ये राहते. संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी डेटा केंद्र २०१७ पासून याच शहरात आहे. माझा त्याच्याशी संबंध नाही; मी फक्त संध्याकाळी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे कोणीही भर घालू शकेल असा इंटरनेटवरचा खुला नकाशा, उघडून उपग्रहाच्या चित्रावर घरं गिरवते. पत्र्याचं छप्पर चकाकतं, ते सोपं. झाडाखालचं गवताचं छप्पर मात्र सावलीवरून ओळखावं लागतं. चार कोपऱ्यांवर चार क्लिक, की एक घर नकाशावर आलं. पायवाट झाडीत गडप झाली की अंदाजाने पुढे ओढायची नाही, तिथेच सोडायची. नंतर दुसरं कोणीतरी माझं काम तपासतं.

जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशा हाताशी नव्हता. कंपन्यांनी उपग्रहचित्रं खुली केली, जगभरच्या स्वयंसेवकांनी ती गिरवली आणि काही दिवसांतच बचाव पथकं तो नकाशा वापरू लागली. माहिती खुली नसली की दोन संस्था एकाच वस्तीत ताडपत्र्या नेतात आणि पलीकडच्या वस्तीत कोणी फिरकतही नाही.

यादीचं तसं नाही. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या सर्व्हरवर सायबरहल्ला झाल्याचं उघड झालं. ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली. युद्धात, स्थलांतरात, आपत्तीत घरच्यांपासून तुटलेली माणसं होती ती. कुलपात ठेवलेली यादी इतकी असुरक्षित, तर गरजेपेक्षा एक नावही जास्त लिहून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि नकाशाही दर वेळी निरुपद्रवी नसतो. युद्ध चालू असलेल्या भागात दवाखाना किंवा छावणी दाखवावी का, हे लांब बसून मी ठरवू शकत नाही. तिथल्या माणसांनाच विचारायला हवं. पण पुराच्या काठावरच्या वस्त्या, रस्ते, विहिरी आणि निवाऱ्याच्या शाळा पूर येण्याआधीच खुल्या नकाशावर हव्यात.

दादाला अजून पटलेलं नाही. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून एक वस्ती गिरवून घेणार आहे.