आखणी करतानाच सुट्टी सुरू होते
'बारीकसारीक आखणी केली की सुट्टीतली उत्स्फूर्तता मरते', हे थीम पार्कच्या सुट्टीवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. थीम पार्कच्या बाबतीत तर उलटंच होतं. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर पार्कचा नकाशा पसरला की आधी कुठली राइड घ्यायची यावर मुलांची जुंपते, धाकटी पेन्सिलीने गोल करत बसते. निघायच्या कितीतरी आधी घरात सुट्टीचा माहोल असतो!

आणि आखणी नसेल तर हिरमोड ठरलेला. अमेरिकेत ऑरलँडोच्या मॅजिक किंगडम या डिस्ने पार्कमधल्या स्पेस माउंटन या रोलर कोस्टरसाठी किमान ११२ सेंटिमीटर उंची लागते. हे तिथे पोचल्यावर कळलं तर मुलाचा चेहरा बघवत नाही. आम्ही घरीच भिंतीशी उभं करून उंची मोजतो. लेखात 'रायडर स्विच'चा उल्लेखही नाही, हे खटकलं. एक पालक लहानग्यापाशी थांबतो, दुसरा राइड घेऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. लहान मूल असलेल्यांना हे माहीत असायलाच हवं. राहिली उत्स्फूर्तता, तर सकाळी गेट उघडताच मोठ्या राइड उरकल्या की दुपारी मुलं ओढतील तिकडे आम्ही खुशाल जातो.