खुलासा : डॉक्टर-खेळाडूने फुटबॉल कायमचं सोडलं नव्हतं

‘सुपर बोल जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी कोट्यवधींच्या करिअरवर लाथ मारून ऑपरेशन थिएटर गाठलं’ असा लॉरां द्युव्हर्ने-तार्दिफचा मेसेज फिरतोय. (सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना.) माणूस खरा आहे, गोष्टीला मात्र तिखटमीठ लागलंय.

कॅन्सस सिटी चीफ्स संघाचा हा गार्ड, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर भिंतीसारखा उभा राहणारा आक्रमक फळीतला खेळाडू. 2014च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या प्रक्रियेत, तो सहाव्या फेरीत निवडला गेला. खेळता खेळताच 2018मध्ये त्याने मॅकगिल विद्यापीठातून एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) केलं. जर्सीवर नावापुढे ‘एमडी’ लावायची परवानगी मात्र लीगने दिली नाही!

फेब्रुवारी 2020मध्ये सुपर बोल जिंकला, मग करोना आला. रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) झालेली नसल्याने त्याने शस्त्रक्रिया करणं शक्यच नव्हतं. मॉन्ट्रियलजवळच्या दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात तो मदतनीस म्हणून रुजू झाला; पहिल्या दिवशी त्याने ट्रॉली घेऊन औषधं वाटली. जुलैमध्ये त्याने माघार घेतली ती फक्त 2020च्या हंगामातून. 2021मध्ये तो परतला, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाकडे गेला आणि तिथे खेळलाही. निवृत्ती जाहीर केली 2023मध्ये.